आवड आणि हेतू

मनुष्याने कोणता व्यवसाय पत्करावा हा प्रश्न फार जुना आहे; तथापि प्रत्येक घरात तो नव्यानेच उभा राहतो. दहावीचा निकाल लागला, की या प्रश्नाने गांजलेले पालक आम्हांस भेटावयास येतात. त्यांतील कित्येक विचारतात, "सर, मुलाला चित्रांचे वेड लागले आहे, ते कसे मोडावे?" दुसरे कित्येक विचारतात, "सर, मुलीला गाण्याची इतकी आवड आहे, तर तिला तिकडेच घालावी काय?" पहिल्यांच्या स्वरात भीती असते, दुसऱ्यांच्या स्वरात उमेद असते. परंतु आवड हीच काय ती निर्णायक गोष्ट आहे, हे दोघांनीही मनाशी धरलेले असते. एकाला ती शत्रू वाटते आणि दुसऱ्याला वाटाड्या. ती या दोहोंपैकी काहीच नाही, असे आम्हांस वाटते.

'मनाला आवडेल तेच करा,' हा उपदेश अलीकडे फार स्वस्त झाला आहे. पारितोषिक-समारंभातील पाहुणे तो करतात, मोबाईलवरील चित्रफितींतून तो दिवसातून दहा वेळा कानी पडतो. याच्या उलट 'आधी पोटोबा, मग विठोबा' हा आपल्या वाडवडिलांचा उपदेश. तो कठोर वाटला तरी ज्यांनी तो केला त्यांनी उपाशी दिवस पाहिले होते, हे विसरता कामा नये. या दोन उपदेशांच्या कात्रीत सापडलेला पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी एक तर बंड करतो किंवा निमूटपणे मान खाली घालतो. दोहोंतही विचार असा होतच नाही. तो विचार कसा करावा, एवढ्याचपुरते आम्ही येथे बोलणार आहोत.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट ठरवू. ज्या कामात आपला जीव रमतो, ज्यात तहानभूक हरपते, त्या कामाकडे असलेली मनाची ओढ म्हणजे आवड. ते काम ज्यासाठी करावयाचे, तो हेतू. काय करावेसे वाटते हे आवड सांगते. ते कशासाठी आणि कोणासाठी करावयाचे हे हेतू सांगतो. आवड बहुधा बालपणीच प्रकट होते. वहीच्या समासात चित्रे काढणारा मुलगा आम्ही पाचवीतच ओळखतो. हेतू मात्र मागाहून येतो, आणि कित्येकदा फारच उशिरा येतो. तो येईपर्यंत माणसाने काय करावे, आणि तो आल्यावर काय घडते, हे समजण्यास आपल्याच मुलखातील एका माणसाचे चरित्र फार उपयोगी पडते. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळके या नावाने ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण शाळेच्या पुस्तकातील चार ओळींत त्यांच्या आयुष्याची पहिली चाळीस वर्षे सहसा मावत नाहीत, आणि आमच्या मते विद्यार्थ्यांनी वाचावयाची ती वर्षेच होत.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न शास्त्री. अशा घरातील या मुलाची ओढ मात्र रंगरेषांकडे. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात राहून त्याने चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचाही अभ्यास केला. गोध्र्यास त्याने छायाचित्रे काढण्याचा धंदा मांडला. त्या काळी कॅमेऱ्यासमोर बसल्याने शरीरातील शक्ती नाहीशी होते असा लोकांचा समज होता, त्यामुळे गिऱ्हाईक यावयाचे कठीण. त्यातच प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही नेली. नंतर फाळक्यांनी नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविले. ते जादूचे प्रयोग शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते करू लागले. काही काळ सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली. लोणावळ्यास राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे काम केले, स्वतःचा छापखाना भागीदारीत काढला, आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीस गेले. परत आल्यावर भागीदारांशी पटेना म्हणून भरभराटीस आलेला तोही धंदा सोडून ते बाहेर पडले.

वयाच्या चाळिशीत असलेल्या या गृहस्थाकडे पाहून शेजारीपाजारी काय म्हणत असतील, याची कल्पना आपण सहज करू शकतो. एक धड नाही. हे धर, ते सोड. आज असा एखादा तरुण आपल्या घरात असता तर आपणही हेच म्हटले असते. आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असेही नाही. फाळक्यांजवळ आवडी पुष्कळ होत्या, कसब पुष्कळ होते; परंतु या सर्वांना एका दिशेस लावील असे काही नव्हते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी जी जी विद्या हाती घेतली ती अर्धवट सोडली नाही. धंदे सुटले, पण विद्या हातात राहिली.

१९१०–११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशूचे जीवन सरकत होते आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. आपल्या देशातील मुलाबाळांना आपल्या कथा अशा पडद्यावर केव्हा दिसतील, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि त्याने त्यांची पाठ सोडली नाही. आम्हां ख्रिस्ती माणसांस या प्रसंगाचे विशेष कौतुक वाटते, त्याचे कारण चित्र ख्रिस्ताचे होते एवढेच नव्हे. फाळक्यांनी ते चित्र पाहून त्याची नक्कल करावयाचे मनात आणले नाही. दुसऱ्याच्या घरातील दिवा पाहून आपल्याही घरात अंधार आहे हे ज्याला जाणवते, तो दिवा चोरीत नाही, तेलवात शोधावयास लागतो. फाळक्यांचे तसे झाले.

याला आम्ही हेतू म्हणतो. आणि तो आल्याबरोबर काय झाले पाहा. चित्रकला देखाव्यांच्या उपयोगी पडली. छायाचित्रण कॅमेऱ्यामागे उभे राहण्याच्या उपयोगी पडले. रसायनांचा परिचय फिती धुण्याच्या उपयोगी पडला. नाटकांचे पडदे रंगविलेला हात आता राजवाडे उभारू लागला. देव अदृश्य होणे, प्रकट होणे हे चमत्कार दाखविताना जादूगाराची युक्ती कामी आली. पंचवीस वर्षांची ती 'धरसोड' एका दिवसात शिक्षण ठरली. मणी पूर्वीपासूनच होते, दोरा आता मिळाला. मात्र मणीच नसते तर त्या दोऱ्याचा काय उपयोग होता, हेही विद्यार्थ्यांनी स्वतःस विचारावे.

पुढील कष्टांचे वर्णन थोडक्यात करतो. चित्रपटांचे तंत्र समजावे म्हणून फाळके तासन्‌तास चित्रपट पाहू लागले. घरी येऊन प्रयोग करीत बसत. झोप जवळजवळ नाहीशी झाली. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे त्यांचा कोणी ओळखीचा नव्हता. 'बायस्कोप' नावाच्या नियतकालिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले, आणि त्या संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ या नामांकित चित्रनिर्मात्याकडे नेले. काम पाहून, कॅमेरा विकत घेऊन, फितींची व्यवस्था करून ते परतले.

परंतु नुसता कॅमेरा दाखवून कर्ज कोण देणार? तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा एका जागी रोवला, आणि थोडथोड्या वेळाने एकेक चित्र घेत गेले. महिन्याहून अधिक काळ हे काम चालले होते. ती चित्रे एकामागून एक पडद्यावर धावू लागली तेव्हा कोंब मातीतून वर आला, पाने उलगडली, वेल चढू लागली. महिनाभराची वाढ मिनिटाभरात दिसली. 'अंकुराची वाढ' हा तो चिमुकला चित्रपट पाहून पैसेवाल्या मंडळींचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले. यात जो धडा आहे तो आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस दरवर्षी सांगतो. फाळक्यांना रामायण दाखवावयाचे होते; परंतु त्यांनी आरंभ वाटाण्यापासून केला, आणि तो वाटाणा शेवटास नेला. मोठ्या ग्रंथाची पहिली दहा पाने लिहून ठेवलेले विद्यार्थी आम्हांस पुष्कळ भेटतात. एक लहानशी गोष्ट अखेरच्या वाक्यापर्यंत नेलेले विद्यार्थी मात्र विरळा.

'राजा हरिश्चंद्र' चित्रपटासाठी तारामतीचे काम करावयास एकही स्त्री तयार होईना. ज्यांना लोकापवादाची पर्वा नाही असे मानले जाई, त्या स्त्रियांनीही नकार दिला. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हे तारामती झाले. चित्रपटात काम करतो असे सांगितल्यास लोक नावे ठेवतील म्हणून नटांनी 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला जातो' असे घरीदारी सांगावे, अशी तोड निघाली. या प्रसंगावरूनच परेश मोकाशी यांनी आपल्या २००९ च्या मराठी चित्रपटाला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हे नाव दिले. सुमारे सात महिन्यांच्या खटाटोपानंतर ३,७०० फूट लांबीचा तो मूकपट तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. आम्हांस ज्या व्यक्तीकडे लक्ष वेधावयाचे आहे ती निराळीच आहे. फाळक्यांची दुसरी पत्नी सरस्वतीबाई. त्या काळी कोऱ्या फितींना कडेची भोके पाडलेली नसत. ती अंधाऱ्या खोलीत बसून यंत्राने पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई करीत. फिती धुण्याची रसायने त्या तयार करीत. चित्रपटात काम करणारी सारी मंडळी घरीच राहत; त्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि धुणे त्याच पाहत. या सर्वांच्या आधी भांडवलासाठी त्यांचे दागिने गेले होते. घरात लहान मुले होती. त्यांतला भालचंद्र हा चित्रपटातील रोहिदास झाला.

सरस्वतीबाईंनी हे का केले असावे? पतिनिष्ठा म्हणून, असे उत्तर चटकन्‌ देता येते. पण ते पुरेसे नाही असे आम्हांस वाटते. यजमानांच्या छायाचित्रांच्या, जादूच्या, छपाईच्या छंदात कोणत्याही गृहिणीस वाटा घेता येणार नाही. छंदाचे सुख ज्याचे त्यालाच मिळते. घरच्यांच्या वाट्याला त्याचा खर्च तेवढा येतो. परंतु फाळक्यांनी सरस्वतीबाईंना ते ख्रिस्तचरित्र दाखवावयास बरोबर नेले, यंत्रातून चित्र कसे धावते ते दाखविले, आपल्याला काय करावयाचे आहे ते सांगितले. हे सर्व आपल्या कथा आपल्या लोकांना दिसाव्यात म्हणून आहे, हे कळताच ते काम एकट्याचे राहिले नाही. आवडीत दुसऱ्याला वाटेकरी करून घेता येत नाही, हेतूत मात्र घेता येते. ज्याला कलेवर उपजीविका करावयाची आहे त्याने हा भेद हृदयात कोरून ठेवावा. कारण कलावंताचे आयुष्य कधीही एकट्याने चालत नाही. त्याच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब घरात कोणीतरी चुकता करीत असते.

हेतू सापडला म्हणजे सर्व काही सुरळीत होते, असे सांगणे हा खोटेपणा होईल. १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटाने एवढी गर्दी ओढली की तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंक्यांनीच केली होती. परंतु पुढे धनिक भागीदारांबरोबर काढलेल्या कंपनीत फाळक्यांचे मतभेद झाले. ते सर्व सोडून काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, आणि काही वर्षांनी पुन्हा चित्रपटांकडे परतले. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला आणि मूकपटांचे युग संपले. १९३७ साली आलेला 'गंगावतरण' हा फाळक्यांचा बोलपट अखेरचा ठरला. शंभराच्या आसपास चित्रपट निर्माण केलेला हा पुरुष १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे वारला. त्यांची शेवटची वर्षे वैभवाची नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून देण्यात येऊ लागला. तो पाहावयास ते नव्हते. ज्या 'राजा हरिश्चंद्र'साठी एवढा अट्टाहास केला, त्याचाही थोडाच भाग आज शिल्लक आहे. तेव्हा हेतूच्या मागे जाणाऱ्याला द्रव्य मिळेलच अशी हमी कोणी देऊ नये. त्यांना मिळाले ते एवढेच, की ज्या गोष्टीची या देशास गरज आहे असे त्यांना वाटले, ती त्यांच्या हयातीत उभी राहिली आणि त्यांच्या हातून निसटल्यावरही चालू राहिली.

साधन बदलले, काळ बदलला, म्हणजे माणसाच्या आवडीचे काय होते, हे आम्ही स्वतःच्या घरातही पाहिले आहे. आमचे वडील एका छापखान्यात जुळारी होते. लाकडी पेट्यांच्या कप्प्यांतून शिशाचे खिळे उचलून ओळी जुळविण्यात त्यांची सारी तरुणाई गेली. अक्षरांवर त्यांचे निस्सीम प्रेम होते. काना किंचित झिजलेला दिसला तरी ते तो खिळा काढून दुसरा बसवीत. हे कोणाला दिसणार आहे, असे आम्ही लहानपणी विचारले असता ते म्हणाले, "वाचणाऱ्याला दिसणार नाही, पण तो तेथे अडखळेल." पुढे नवी छपाई आली, खिळे वजनावर मोडीत निघाले, आणि हातातील कलेसह वडिलांची नोकरी गेली. पंचेचाळिशीतील माणसाला हा धक्का लहान नव्हता. काही महिने ते ओसरीत नुसते बसून असत. परंतु त्यांचे प्रेम जरी खिळ्यांवर असले तरी हेतू वाचणाऱ्याच्या सोयीचा होता, आणि वाचणारे काही संपले नव्हते. हळूहळू ते मुद्रिते तपासावयास शिकले. निराळ्या यंत्रांतून आलेल्या कागदांवर तांबड्या शाईने खुणा करीत त्यांनी आणखी वीस वर्षे काढली. केवळ खिळ्यांच्या आवडीवर ते उभे असते तर त्या ओसरीतून ते उठले नसते, असे आम्हांस अनेकदा वाटते.

आता थोडे आमच्याविषयी. आम्हांस नाटकाचे वेड शाळकरी वयापासून होते. मिशनच्या महाविद्यालयात असताना आम्ही एकांकिका केल्या, बक्षिसेही मिळविली, आणि पदवीनंतर शिक्षकी पत्करली तेव्हा मित्रांनी हळहळ व्यक्त केली. गेली वीस वर्षे मराठीच्या तासांबरोबर संमेलनाच्या नाटकाची तालीम आम्ही घेत आहोत. काही वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा होता; त्याला वाचता जवळजवळ येतच नव्हते, आणि ते लपविण्यात त्याने मोठे प्रावीण्य मिळविले होते. त्याला आम्ही नाटकात पाटलाची भूमिका दिली. ती त्याने ऐकूनऐकून पाठ केली. पाठ झाल्यावर एके दिवशी तो संहितेचे कागद मांडीवर घेऊन बसलेला दिसला. तोंडाने आपले भाषण म्हणत होता आणि बोटाने ते कागदावर शोधीत होता. त्या वर्षाअखेर तो वाचू लागला. आमची रंगभूमीची आवड कोठे खर्ची पडली असे कोणी विचारल्यास आम्ही त्या बोटाकडे दाखवू. नट होऊन आम्ही काय मिळविले असते हे सांगता येणार नाही. पण आवाज, पाठांतर, हावभाव यांपैकी काहीही वाया गेले नाही, हे मात्र निश्चितपणे सांगता येते.

मागील वर्षी एक माता आम्हांस भेटली. ती पोळीभाजीचे डबे करून संसार चालविते. तिची मुलगी आमच्या नाटकांचे पडदे रंगवीत असे. हात विलक्षण चांगला. मातेने बसल्याबसल्याच विचारले, "सर, बाकी काही सांगू नका. चित्रं काढून हिचं पोट भरेल का, एवढंच सांगा." आम्हांस होय म्हणवले नाही आणि नाहीही म्हणवले नाही. आम्ही मुलीला एवढेच सांगितले, की तुझी चित्रे कोणी पाहावीत आणि पाहून त्यांचे काय व्हावे, हे आठ दिवसांत आईला सांग. चारच दिवसांनी दोघी परत आल्या. मुलीने औषधांच्या काही पाकिटांचे कागद आणले होते. तिच्या आजीला लिहितावाचता येत नाही. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांची नेहमी अदलाबदल होई. मुलीने एकावर सूर्य, दुसऱ्यावर चंद्र, तिसऱ्यावर जेवणाचे ताट काढून दिले होते. ती म्हणाली, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मला चित्रे काढावयाची आहेत; दवाखान्यात, बसस्थानकावर, जेथे लोक पाटीसमोर गोंधळून उभे राहतात तेथे. आई बराच वेळ त्या कागदांकडे पाहत राहिली. मग तिने पदराच्या टोकाने हात पुसले आणि म्हणाली, "हे मला कळतं. पण सकाळचे डबे दोघींनी मिळून भरायचे." मुलगी आज एका कलाशाळेच्या पहिल्या वर्गात आहे. फी, रेल्वेचा पास, रंगांचा खर्च यांचा हिशेब त्या दोघी एका वहीत लिहितात. पुढे काय होईल ते आम्ही जाणत नाही. परंतु आईने परवानगी दिली ती चित्र सुंदर होते म्हणून नव्हे, तर ते कशासाठी आहे हे तिला समजले म्हणून, याविषयी आम्हांस शंका नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांनी शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या आहेत. कित्येक तबला शिकतात, कित्येक गोष्टी लिहून चोरून ठेवतात. तुमची आवड खरी आहे, याविषयी वाद नाही. पण ती खरी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तिच्यातील कंटाळवाणा भागही शिका. चित्रकाराने कागद ताणावयास शिकावे, लेखकाने शुद्धलेखन शिकावे, गवयाने तानपुरा जुळवावयास शिकावे. हेतू ज्या दिवशी येईल त्या दिवशी तो तुमच्यापाशी कोणते कसब आहे हे विचारील, आणि त्या दिवशी शिकावयास बसण्याइतका वेळ नसेल. हेतू अजून आला नसेल तर लाजू नका; फाळक्यांना तो चाळिशीत आला. मात्र तो खोलीत बसून विचार केल्याने येत नाही. आपल्या घरात, गल्लीत, शाळेत कोणाचे कशावाचून अडले आहे हे पाहत जा. आणि तो आला म्हणजे तो घरच्यांना समजेल अशा शब्दांत सांगा. ज्याला आपल्या आईला आपले काम समजावून देता येत नाही, त्याला ते स्वतःला कितपत समजले आहे, याची आम्हांस शंका वाटते.

पालकहो, तुम्हांस आमची विनंती एवढीच, की मुलांची आवड मोडूही नका आणि चारचौघांत तिचे कौतुक करून ती फुगवूही नका. तिला काहीतरी काम द्या. ज्याचा हात चांगला आहे त्याला घरातल्या लग्नाची पत्रिका काढू द्या. जिला लिहिता येते तिला आजोबांच्या आठवणी लिहून घेऊ द्या. कामाला लावलेली आवड थोड्याच दिवसांत आपला कस दाखविते. जी टिकते तिच्याकडे गंभीरपणे पाहा. जी विरते तिच्याविषयी मुलास दोष देऊ नका. आणि पैशाची गोष्ट मुलांपासून लपवू नका. घरात काय येते आणि काय जाते हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याचे स्वप्न त्यामुळे लहान होत नाही. ते जमिनीवर उभे राहते.

यंदाच्या संमेलनासाठी तीन पडदे नव्याने रंगवावयाचे आहेत. एक गावाचा, एक नदीकाठचा आणि एक आगगाडीच्या स्थानकाचा. स्थानकाचा पडदा असा हवा, की अगदी मागच्या बाकावर बसलेल्या आजीलाही गाडी आल्याचे कळावे. रंग शाळेचे, कुंचले ज्याचे त्याने आणावे. ज्यांना हौस आहे त्यांनी यावे. ज्यांना कोणासाठी रंगवावयाचे आहे हेही ठाऊक आहे त्यांनी अवश्य यावे. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सभागृहात असतो.